ठाण्याच्या इतिहासफेरीत दंतकथा सांगाव्यात का?

तलावपाळीकर:
रविवारी ठाण्यातल्या एका इतिहासफेरीला गेलो होतो. कारागृहाच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या भिंतीबाहेर त्रिंबकजी डेंगळ्यांच्या, म्हणजे इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या कारभाऱ्याच्या सुटकेची गोष्ट ऐकवली. मोतद्दाराचं (घोड्याची निगा राखणाऱ्याचं) गाणं, किल्ल्यातून मासुंदा तलावापर्यंतचं भुयार, सगळं एका दमात. किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला, हे मात्र दोन वाक्यांत उरकलं. कागदोपत्री टिकेल तेवढंच फेरीत सांगावं, असं माझं ठाम मत आहे. भुयार काय, आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याला असतंच!

घणसोलीची लेक:
भुयाराचं सोडा, पण गाण्याला त्याच्याबरोबर निकालात काढू नका. ते कागदावर आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय की किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोडा फिरवताना त्रिंबकजींच्या खिडकीवरून ये-जा करायचा आणि सहज गुणगुणल्यासारखा निरोप गायचा. पहारेकरी गोरे, त्यांना मराठीचा गंध नाही. सप्टेंबर १८१६ मध्ये भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी निसटले. फेरीत सांगायला याहून चांगलं काय आहे?

तलावपाळीकर:
ताई, डफचं मान्य. पण फेरीत म्हणून दाखवलं ते गाणं बिशप हेबरने, म्हणजे त्या काळी हिंदुस्थानात फिरलेल्या इंग्रज धर्मगुरूने दिलेलं. झुडपाआड धनुर्धारी लपलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, घोडे पंचावन्न आणि माणसं चोपन्न, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खन पुन्हा बहरेल. हेबर स्वतः कवी होता, ओळी इंग्रजी पद्यात आहेत आणि बाजही विलायती पोवाड्याचा. १८१६ मध्ये धनुष्यबाण कुठून आले?

कळवा नाका:
भिल्लांकडून! सुटल्यावर त्रिंबकजींनी भिल्ल, रामोशी, मांग यांचीच तर जमवाजमव केली. त्यामुळे धनुष्य दिसलं म्हणून गाणं खोटं ठरत नाही. शब्द हेबरचे असतील, पण ही चोपन्न-पंचावन्नाची गंमत मला तरी अस्सल आपल्याकडची वाटते.

तलावपाळीकर:
"वाटते" यावर इतिहास उभा राहत नाही. दंतकथा काय करते ते अंबरनाथला बघा. शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं अजूनही सांगतात. देवळातल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०, आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. एका रात्रीच्या गोष्टीने ज्या पाथरवटांनी तो दगड घडवला त्यांचे कष्टच पुसून टाकले. मला याचा राग येतो. शिलाहारांची राजधानी असलेल्या ठाण्यात वाढलेल्या पोरांना त्यांचं नाव माहीत नसतं, पांडव मात्र पाठ असतात.

घणसोलीची लेक:
राग बरोबर आहे. पण शिलालेख राजे कोरतात. आमच्या आगरी लग्नात धवलारीण, म्हणजे विधींची गाणी (धवले) गाणारी बाई लागते. हळद असो की मांडव, प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो तिला तोंडपाठ. एकही ओळ लिहिलेली नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी त्या शहरासाठी गेल्या. त्या जमिनींचा सातबारा सापडेल, पण तिथलं जगणं या बायकांच्या गळ्यात आहे. "कागद दाखवा" म्हणालात तर आम्ही काय दाखवायचं? तुमच्या नियमाने नवी मुंबईचा इतिहास नकाशे आखले तेव्हापासून सुरू होईल.

तलावपाळीकर:
धवलारणीचा धवला स्वतःच पुरावा आहे. तिला फेरीत आणा, मी पुढे बसून ऐकेन. माझा आक्षेप वेगळा आहे. शिलालेख, डफ, हेबर आणि भुयार एकाच सुरात सांगितले, तर ऐकणाऱ्या पोराला यातलं कुठलं कशावर उभं आहे ते कळणार कसं?

घणसोलीची लेक:
मग सांगणाऱ्याला तयार करा, गोष्टीला गप्प करू नका. "हे डफने लिहिलंय, हे हेबरने ऐकलंय, हे गावात बोलतात" एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? आणि एक लक्षात घ्या, डफने त्या मोतद्दाराचं नावसुद्धा दिलेलं नाही. तुमच्या कागदाला नाव लिहावंसं वाटलं नाही त्या माणसाला गाण्याने दोनशे वर्षं जागतं ठेवलंय.