कॅसँड्रात लोकल क्वोरम असूनही शेवटचा नग दोघांना कसा विकला जातो?

प्रश्न
कॅसँड्रा ४.१ (डेटाच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणारा डेटाबेस). मुंबई आणि हैदराबाद अशी दोन डेटा सेंटर, प्रत्येकी रेप्लिकेशन फॅक्टर ३, म्हणजे डेटाच्या तीन प्रती. साठ्याचा आकडा लोकल क्वोरमने (त्याच सेंटरातल्या ३ पैकी २ प्रतींचं उत्तर पुरे) वाचतो, एक वजा करून लोकल क्वोरमनेच लिहितो. गर्दीत शेवटचा नग दोघांना जातो. वाचन ताजं असूनही असं का?

प्रतिसाद १
ताजं असलं तरी होणारच. दोन सर्व्हर एकाच वेळी १ वाचतात, दोघेही ० लिहितात, दोघांनाही 'यशस्वी' मिळतं. वाचन आणि लेखन यांच्या मध्ये दुसरं कुणी घुसणार नाही, ही हमी क्वोरम देतच नाही. शिवाय ताजेपणाही एका सेंटरपुरताच : तिथे लेखनाच्या २ + वाचनाच्या २ प्रती ३ पेक्षा जास्त, म्हणून एक तरी प्रत दोन्हींत येते. मुंबईत लिहून हैदराबादेत वाचलं तर प्रती ६, आणि २ + २ पुरत नाहीत.

लाइटवेट ट्रान्झॅक्शन घ्या, म्हणजे अट खरी असेल तरच होणारं लेखन. अपडेटला 'इफ साठा = १' अशी अट जोडा; अट फसली तर सध्याचा आकडा उत्तरातच येतो.

प्रश्नकर्ता
काउंटर कॉलमने (ज्यातला आकडा फक्त वाढवता-घटवता येतो) भागणार नाही का?

प्रतिसाद २
नाही. काउंटरवर 'इफ' चालत नाही, आणि टाइमआउटनंतर पुन्हा पाठवलं तर दोनदा वजा होऊ शकतं.

टाइमआउट लाइटवेटमध्येही येईल. त्याचा अर्थ 'झालं नाही' असा नाही, 'ठाऊक नाही' असा आहे. आधी सीरियल पातळीवर (लाइटवेट लेखनांचा क्रम पाळणारं वाचन) वाचा. लाइटवेट लेखन पॅक्सॉस या प्रतींचं एकमत घडवणाऱ्या पद्धतीने होतं; तिची अर्धवट राहिलेली फेरी ते वाचन मार्गी लावतं. पण नुसत्या आकड्यावरून वजाबाकी आपली की दुसऱ्याची हे कळणार नाही. म्हणून प्रत्येक नगाची वेगळी ओळ करा आणि 'इफ ऑर्डर = नल' (ऑर्डर रिकामी असेल तरच) अशी अट ठेवून ऑर्डर क्रमांक लिहा. त्या कॉलमवर साधं, विनाअट लेखन कधीही मिसळू नका, टाइमस्टॅम्पचा घोळ होतो.

प्रतिसाद ३
सीरियल (दोन्ही सेंटर मिळून एकमत) की लोकल सीरियल (एकाच सेंटरात एकमत), हे आधी ठरवा. सीरियलला ६ पैकी ४ प्रती लागतात. दोन सेंटरांमधला दुवा तुटला की ३-३ उरतात आणि दोन्हीकडची विक्री थांबते. लोकल सीरियलमध्ये विक्री चालू राहते, पण दोन्ही सेंटर एकमेकांना न विचारता तोच नग देऊ शकतात. त्यामुळे प्रत्येक वस्तूचं घर एकाच सेंटरात ठेवा आणि तिची सगळी लेखनं तिथेच पाठवा.

पॅक्सॉसची स्पर्धा पार्टिशनपातळीवर (एका पार्टिशन कीखाली एकत्र ठेवलेल्या ओळींत) होते, मूळ पद्धतीत एका लेखनाला ४ फेऱ्या. सगळे नग एकाच पार्टिशनमध्ये असतील तर गर्दीत टाइमआउटच दिसतील. वस्तू आणि नग क्रमांक दोन्ही पार्टिशन कीमध्ये घाला, नग ॲपने यादृच्छिक निवडावा, अट फसली की दुसरा.