कॅन्सरच्या उपचारांनंतर ब्लीच, फेशियल, वॅक्सिंग: काय चालतं?

पार्लरवाली_जुळेसोलापूर:
नेहमी येणाऱ्या एका ताईंच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठीही काढल्यात. केमो झाली, शेक (रेडिएशन) संपून दीड महिना झाला. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. चेहरा काळवंडलाय म्हणून ब्लीच, फेशियल आणि दोन्ही हातांचं वॅक्सिंग करायचं म्हणतायत. काय करू, काय नको?

त्वचारोग_ओपीडी:
ब्लीच मुळीच नको. केमोनंतर कातडी कोरडी नि नाजूक झालेली असते, त्यात ब्लीचमधला पेरॉक्साइड आणि अमोनिया झोंबतो. आपल्या सावळ्या वर्णाला दाह झाला की डाग आणखी गडद होतात. केमिकल पीललाही हेच लागू. केमोचा काळपटपणा बहुधा काही महिन्यांत आपोआप फिका होतो, ऊन मात्र टाळायला हवं, आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको! झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन तर्जनी नि मधलं बोट भरून घ्या, चेहऱ्याला-मानेला लावा. बाहेर असतील तर दर दोन तासांनी पुन्हा.

फेशियल करा, पण वाफ, स्क्रब आणि ब्लॅकहेड काढणं वगळा. बिनवासाचं सौम्य क्लिन्झर, मग हलक्या हाताने मॉइश्चरायझर, एवढंच. काहीही नवं लावण्याआधी उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. ‘हर्बल’ लिहिलंय म्हणून सूट नाही, त्यातल्या सुगंधी तेलांचीही ॲलर्जी येते.

थ्रेडिंगआधी ताजा सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. पांढऱ्या पेशी कमी असतील तर बारीक जखमेतूनही जंतुसंसर्ग होतो, प्लेटलेट कमी असतील तर काळंनिळं पडतं. नव्याने उगवणाऱ्या भुवया विरळ असतात, तोवर पेन्सिल बरी.

लिम्फेडेमा_फिजिओ:
डाव्या हाताला वॅक्स अजिबात लावू नका. काखेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी काढल्या की त्या हातातून लसिका (शरीरातला पाणीदार द्रव) नीट वाहत नाही. गरम वॅक्स आणि केस उपटल्याच्या सूक्ष्म जखमा, दोन्हींतून सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) होऊन हात कायमचा सुजू शकतो, यालाच लिम्फेडेमा म्हणतात. ऑपरेशनला दहा वर्षं झाली तरी हा धोका संपत नाही. केस काढायचेच तर इलेक्ट्रिक ट्रिमर, ब्लेड नको. त्या हाताला, खांद्याला, काखेला जोरकस मालिशही नको. शेक दिलेल्या छातीवर वॅक्स, ब्लीच, गरम पॅक, काहीच नाही. तिथली घामाची नि तेलाची ग्रंथी बिघडलेली असते, म्हणून कातडी सुकी राहते. पुसताना टॉवेल घासायचा नाही, टिपायचा.

आणि चुडा! कासार हात दाबून बांगड्या चढवतो, त्यात ओरखडा ठरलेला. त्या हातात सैल, सहज सरकणाऱ्या बांगड्या घाला.

पार्लरवाली_जुळेसोलापूर:
मेंदी? पेडिक्युअर?

त्वचारोग_ओपीडी:
साधी मेंदी आधी तपासून उजव्या हाताला. काळी नको, त्यात बहुतेकदा पीपीडी (केस काळे करायच्या डायमधलं रसायन) असतं, फोड येतात. पेडिक्युअरमध्ये क्युटिकल कापू नका, टाच घासू नका. कॅपेसिटाबीनच्या (केमोच्या) गोळ्या चालू असतील आणि तळवे लाल, दुखरे असतील तर गरम पाण्यात पाय बुडवणंही बंद. १० टक्के युरियाचं क्रीम चालतं, चिरा नसतील तरच.