बिअर म्हणजे दारू नाही म्हणे!

मापात_पाप: कालच्या एका पोस्टने डोकं फिरवलं. 'चाळिशीत पुरुषाचं पोट सुटणारच, वयाचा दोष. दिवसभर चहा-कॉफीवर काढा, रात्री दोन बिअर मारून पोटभर जेवा, उपवासाचा फायदाच होतो.' कसला उपवास? रिकाम्या पोटात अल्कोहोल अडवायला अन्न नसतं, ते भर्रकन लहान आतड्यात उतरतं आणि तिथेच झपाट्याने शोषलं जातं. वर खारे शेंगदाणे, 100 ग्रॅमला पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी. मिठाने तहान, तहानेवर पुन्हा बिअर. जेवण अजून वाढायचंच आहे!

फेसाळ: उपाशी राहू नये, मान्य. पण बिअरला कशाला ओढता? 5 टक्के म्हणजे जवळजवळ पाणीच. आधी व्हिस्कीवाल्यांना गाठा.

मापात_पाप: टक्के वाचलेत, आता मिली वाचा. 5 टक्क्यांच्या 500 मिली कॅनमध्ये शुद्ध अल्कोहोल 25 मिली. 40 टक्क्यांच्या 60 मिली व्हिस्कीत 24. स्ट्राँग म्हणजे 8 टक्के घेतली तर 40 मिली, थेट 100 मिली व्हिस्कीइतकं. तेवढी कुणी एका ग्लासात ओतली तर तुम्हीच डोळे वटाराल.

फेसाळ: गणित आम्हालाही येतं. बिअर लघवीवाटे निघून जाते, किडन्या धुतल्या जातात, ते सांगा की.

तिरपा_डोळा: हे ऐकून कान किटले. लघवी रोखून धरणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन अल्कोहोलमुळे दबतं, म्हणून फेऱ्या वाढतात. धुणंबिणं काही नाही. 90 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल यकृतच निस्तरतं, तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम. तुमच्या 500च्या एका कॅनमध्ये 20 ग्रॅम. तीन लागोपाठ रिचवल्या की यकृताला रात्रपाळी. लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, काळी कॉफी, कशानेही हा वेग वाढत नाही. कॉफीने झिंगलेला माणूस फक्त जागा राहतो. शिवाय बिअरमधल्या प्युरीन नावाच्या घटकाने रक्तातलं यूरिक ॲसिड चढतं, त्यातून गाउट म्हणजे सांधे सुजण्याचा आजार. पायाचा अंगठा लालबुंद सुजला की मग किडन्या धुवा.

स्कूपवाला: सगळे दारूवरच घसरलात. जिमवाल्यांचं काय? वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅमच्या पुढे प्रोटीन गेलं तर स्नायूंना फारसा फायदा नाही. 70 किलोला 112 ग्रॅम झाले, ते बरेचसे जेवणातूनच मिळतात. हे पठ्ठे वर डब्यातल्या प्रोटीन पावडरचे तीन स्कूप ढोसतात आणि भाजीला शिवत नाहीत. तंतू नाहीत, मग कुंथत बसतात.

फेसाळ: धागा बिअरचा आहे, डबा बाजूला ठेवा.

मापात_पाप: धागा पोटाचा होता. बिअरचा तुम्ही केलात.

फेसाळ: बरं बाबा, बिअर म्हणजे दारू. झालं समाधान? यापुढे 330चा छोटा कॅन, तोही जेवणासोबत. पण स्ट्राँगच घेणार, सांगून ठेवतो.

तिरपा_डोळा: 330 मिली, 8 टक्के. 26 मिली अल्कोहोल. मोठ्या साध्या कॅनपेक्षा जास्तच की हो!