वाळवंटातला वारा: वीज आधी कुणाला?

पवनवेडा:
मोरोक्कोच्या दक्षिण भागात तारफायाजवळ २०१४ साली १३१ पवनचक्क्यांचा, ३०१ मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण झाला. तिथून खाली मॉरिटानियापर्यंत सगळ्या किनारपट्टीवर व्यापारी वारे वाहतात. समुद्र थंड आणि आतलं वाळवंट तापलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात वाऱ्याला आणखी जोर चढतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट होते, हे लक्षात घेतलं की अशा जागेचं मोल कळतं.

पण चर्चा होते ती युरोपला वीज पाठवण्याची. २००९ साली डेझर्टेक नावाच्या योजनेचा गाजावाजा झाला: २०५० पर्यंत युरोपच्या विजेतला १५ टक्के वाटा वाळवंटातून. २०१२ मध्ये सीमेन्स आणि बॉश त्यातून बाहेर पडले. माझं स्पष्ट मत आहे की ही वीज आधी तिथंच, समुद्राचं पाणी गोडं करायला आणि खनिजाचं लोखंड करायला मिळावी. मॉरिटानियात झुएरातच्या खाणींतलं लोहखनिज रेल्वेनं सुमारे ७०० किमी प्रवास करून न्वादिबू बंदरात येतं आणि खनिज म्हणूनच जहाजात चढतं. खाण त्यांची, वारा त्यांचा, मग लोखंड दुसऱ्यांनी का करायचं?

तारयंत्री:
तळमळ पोचली, हिशेब जुळत नाही. पवनचक्कीला इंधन लागत नाही, जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो. म्हणून विजेचा दर वाऱ्याइतकाच कर्जाच्या व्याजावर ठरतो. कर्ज देणारा आधी विचारतो, पुढची वीस वर्षं वीज घेणार कोण? जो कारखाना अजून उभाच नाही, त्याच्या सहीवर कोण पैसे देईल?

चीनमधल्या गान्सू प्रांताकडे बघा. गोबी वाळवंटाच्या कडेला चक्क्यांची रांग लागली, पण वीज खपणारी शहरं लांब पूर्वेला. २०१६ मध्ये तिथली ४० टक्क्यांहून जास्त पवनवीज घेताच आली नाही. २०१७ मध्ये हुनान प्रांतापर्यंत सुमारे २,४०० किमीची ८०० किलोव्होल्टची एकदिश (डीसी) वाहिनी सुरू झाली. मोठा गिऱ्हाईक लांबच असतो, त्याच्यापर्यंत तार न्यावीच लागते.

पवनवेडा:
तार नको असं मी म्हटलेलंच नाही. मोरोक्को आणि स्पेन समुद्राखालून १,४०० मेगावॅटच्या केबलनं जोडलेले आहेतच, उरलेली वीज जाऊ दे तिकडे. पण तिथल्या लोकांकडे फक्त भाडं आणि पहारेकऱ्याची नोकरी राहणार असेल, तर ती दुसरी खाणच झाली.

भट्टीवाला:
कारखानदारीच्या बाजूनं बोलतो. ‘स्थानिक उद्योग’ म्हणून सगळं एका माळेत ओवू नका. ॲल्युमिनियमच्या भट्टीची वीज काही तास गेली तर आतला रस थिजतो आणि भांडीच निकामी होतात. वाऱ्याच्या लहरीवर ती चालणार नाही.

समुद्राचं पाणी गोडं करणं मात्र जमतं. हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट लागतात, आणि पाणी टाकीत साठवता येतं. वारा असेल तेव्हा जास्त पंप चालवा, पडला की कमी करा. मीठ गाळणाऱ्या पडद्यांना सारखं चालू-बंद सोसत नाही, म्हणून थोडी कायमची वीज हवीच. पण ती थोडीच.

लोखंडाचं अवघड आहे. विजेवर करायचं तर खनिजातला ऑक्सिजन काढायला कोळशाऐवजी विजेनं बनवलेला हायड्रोजन लागतो: टनामागे ५० किलोच्या आसपास हायड्रोजन, आणि त्याच्या एकेका किलोला ५० हून अधिक युनिट. वर भट्टी अखंड हवी, म्हणजे हायड्रोजन साठवण्याचा खर्च आला. आधी पाणी करून दाखवा, लोखंडाचं नंतर बोलू.

माळरान:
तुम्ही तिघंही जमीन मोकळी धरून चालला आहात. केनियात तुर्काना सरोवराजवळच्या कोरड्या पट्ट्यात ३६५ चक्क्या, ३१० मेगावॅट. चक्क्या तयार होत्या, पण ४०० हून अधिक किमीची तार २०१८ पर्यंत आली नाही. ती रखडल्याची चर्चा सगळीकडे झाली. जमीन रीतसर घेतली नव्हती, असं २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयानं म्हटलं, त्याची चर्चा किती झाली? ती गुरं चारणाऱ्यांची जमीन होती.

आणि पवनवेडा, स्थानिक उद्योग म्हणजे स्थानिकांचं भलं असं नसतं. मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारात एल आयुनजवळ ५० मेगावॅटच्या चक्क्या आहेत, त्यांची वीज बू क्राच्या फॉस्फेट खाणीला जाते. तुमच्याच सूत्राप्रमाणे वारा तिथला, उद्योग तिथला. पण तो प्रदेश १९६३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अ-स्वशासित प्रदेशांच्या यादीत आहे आणि तिथल्या मूळच्या सहरावी लोकांचा मोठा भाग पिढ्यानपिढ्या अल्जीरियातल्या छावण्यांत राहतो. त्यांना कुणी विचारलं?

पवनवेडा:
बू क्राचं उदाहरण माझ्या मांडणीला लागतं, नाकारत नाही. म्हणून अट वाढवतो: जमिनीवर वहिवाट असलेल्यांची संमती आधी, आणि दर युनिटमागे त्यांचा ठरलेला वाटा करारातच. भट्टीवाल्यांचं ‘आधी पाणी’ही मान्य. गोडं पाणी आलं तर गुरं राखणाऱ्यालाही पहिल्या वर्षापासून काही हाताला लागेल.

तारयंत्री:
वाटा द्या, पाणीही द्या. पण पाण्याच्या कारखान्याला लागून लागून किती मेगावॅट लागतील? शंभराच्या आतच. तारफायाएवढ्या प्रकल्पाची बाकीची वीज कोण घेणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

माळरान:
मग तेवढ्याच चक्क्या आधी उभारा. ३०० मेगावॅटच हवेत, असं तिथल्या कुणी सांगितलंय?