लायसन्स वाटण्याआधी रिव्ह्यूचं बघा

सॉफ्टवेअर टीममध्ये सगळ्यांना कोड लिहिणाऱ्या एआय टूलची लायसन्स दिली की टीमचा वेग आपोआप वाढेल, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. एमईटीआर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या) डेव्हलपर्सवर प्रयोग केला होता. स्वतःच्या ओळखीच्या कोडवर एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना मात्र वाटत होतं की काम २० टक्के लवकर झालं! प्रयोग लहान होता, टूल्सही तेव्हापासून बदलली आहेत. तरी "मला फास्ट वाटतंय" हे मोजमाप धरू नये.

खरी अडचण रिव्ह्यूत, म्हणजे तयार कोड तपासण्यात येते. कोड मिनिटांत तयार होतो, तो वाचायला मात्र माणूस लागतो, आणि हा सगळा भार दोन-तीन सीनियर लोकांवर येऊन पडतो. म्हणून सुरुवात टेस्ट लिहिणं, जुना कोड समजून घेणं अशा कामांपासून करा. पुल रिक्वेस्ट (तपासून सामील करून घ्यायला पाठवलेला बदल) लहान ठेवा. पाठवणाऱ्याला जो कोड स्वतः समजावून सांगता येत नाही, तो मर्ज करू नका, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेऊ नका. ज्युनिअर्सना बग आधी स्वतः शोधू द्या, ही सवय एकदा सुटली की परत लावणं फार कठीण. आणि ग्राहकांचा डेटा, पासवर्ड प्रॉम्प्टमध्ये (एआयला दिलेल्या सूचनेत) टाकायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या.