स्टीम डेक बाहेरच्या एसएसडीवरून बूट करायचाय, पण डिस्क लिस्टमध्येच येत नाहीये

खटपट्या
नमस्कार मंडळी, जरा अडलोय. स्टीम डेक (हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी) आहे, एलसीडीवाला ६४ जीबीचा, मामेभावाने अमेरिकेतून येताना आणलेला. आतल्या स्टीमओएसला (सोबत येणारी लिनक्स सिस्टिम) हात लावायचा नाहीये, गेम्स आहेत तसे राहू देत, पण सोबत यूएसबी एसएसडीवर डेबियन १३ (हेही लिनक्सच) हवंय, म्हणजे तीच डिस्क कॉलेजच्या लॅबमध्ये, घरच्या लॅपटॉपला नाहीतर डेकला कुठेही लावली की माझं सगळं काम समोर. लॅपटॉपला (इंटेलवाला आहे, आत विंडोज) डिस्क लावून पेनड्राइव्हवरून डेबियन टाकलं, इन्स्टॉलरमध्ये बाहेरचीच डिस्क निवडलेली, शंभर टक्के. लॅपटॉपवर मस्त चालू होतंय. पण डेकला हबमधून लावून व्हॉल्यूम डाउन धरून पॉवर दाबलं की जो बूट मॅनेजर येतो त्यात फक्त स्टीमओएस, डिस्कचा पत्ताच नाही. हब बदलून झाला, केबल बदलून झाली. गंमत म्हणजे स्टीमओएसच्या डेस्कटॉप मोडमध्ये हीच डिस्क व्यवस्थित दिसते, फाइली पण उघडतात. सेक्युअर बूटचा (सही नसलेल्या सिस्टिमला बूट होऊ न देणारी सेटिंग) लोचा असेल का?

ठाणे_टर्मिनल
सेक्युअर बूट नाही रे, डेकवर त्याची आडकाठी नसते. मला वाटतं तुझा ग्रब (डेबियन सुरू करून देणारा बूटलोडर) त्या एसएसडीवर नाहीचे, लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर जाऊन बसलाय. खात्री करायची तर एसएसडी काढ आणि लॅपटॉप चालू कर. विंडोजच्या ऐवजी काळ्या स्क्रीनवर नुसतं ग्रब आणि पुढे लुकलुकणारा कर्सर आला तर तेच झालंय. घाबरू नकोस, लॅपटॉपच्या बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडलं की विंडोज येतं, फक्त बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधी शोधून ठेव, कधी कधी मागतं ते.

कारण असं की लॅपटॉपवर बूट मेनूत जी डेबियन नावाची एंट्री दिसते ती डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहिलेली असते, आणि ती बोट दाखवते लॅपटॉपच्या आतल्या ईएसपी (बूटच्या फाइली ठेवायच्या) पार्टिशनकडे. डेकला यातलं काहीच माहीत असायचं कारण नाही. अनोळखी डिस्क लावली की फर्मवेअर (म्हणजे मशीनचं बायोस) एवढंच बघतं की फॅट३२ चं ईएसपी आहे का आणि त्यात ईएफआय फोल्डर, त्याच्या आत बूट फोल्डर, त्याच्या आत बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल आहे का. असेल तर लिस्टमध्ये येते, नसेल तर डिस्कवर अख्खं डेबियन असलं तरी त्याच्या लेखी ती रिकामीच.

खटपट्या
दादा बरोबर निघालं, एसएसडी काढल्यावर लॅपटॉपवर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट. आणि एसएसडीवर ५०० एमबीच्या आसपासचं एक फॅट पार्टिशन आहे, ईएसपीचा फ्लॅग पण आहे त्याला, पण आत एक फाइल नाही. आता परत पहिल्यापासून टाकायचं का सगळं?

ठाणे_टर्मिनल
काही गरज नाही. इन्स्टॉलरने पार्टिशन बनवलं पण समोर आधीच एक ईएसपी दिसलं म्हणून तेच वापरलं, हे होतं बऱ्याच वेळा, नुसत्या डेबियनमध्येच नाही. म्हणून मी बाहेरच्या डिस्कवर टाकताना आतली डिस्क बायोसमधून बंद करतो, नाहीतर सरळ काढूनच ठेवतो.

आता लॅपटॉपवरच डेबियन चालू कर, ते चालतंय तोवर काम होऊन जाईल. ब्लकआयडी चालवून एसएसडीवरच्या त्या रिकाम्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) घे, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची फाइल) बूट-ईएफआयच्या ओळीत लॅपटॉपवाल्याच्या जागी तो टाक, जुनं अनमाउंट करून हे माउंट कर. मग ग्रब-इन्स्टॉल चालव पण रिमूव्हेबल हा ऑप्शन देऊन, म्हणजे ती बूटएक्स६४ वाली फाइल जागेवर पडेल, आणि नो-एनव्हीरॅम पण दे म्हणजे लॅपटॉपच्या मेमरीत अजून एक एंट्री चिकटणार नाही. शेवटी अपडेट-ग्रब.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. नंतर डीपीकेजी-रीकॉन्फिगर लावून ग्रब-ईएफआय-एएमडी६४ पॅकेज उघड, त्यात एक प्रश्न येतो की रिमूव्हेबल मीडियाच्या जागी पण कॉपी ठेवू का, त्याला हो म्हण. नाही म्हटलं तर आज चालेल, पण पुढे कधीतरी ग्रबचं अपडेट येईल, ग्रबचे मॉड्यूल (सुटे भाग) नवे आणि बूट फोल्डरातली फाइल जुनी, आणि ऐन सबमिशनच्या दिवशी सिम्बॉल सापडत नाही म्हणून एरर देऊन बसेल.

अजून एक, इन्स्टॉल इंटेल लॅपटॉपवर झालंय म्हणजे इन्स्टॉलरने समोर दिसलेल्या हार्डवेअरपुरतंच फर्मवेअर (इथे म्हणजे चिप चालवायला लागणाऱ्या फाइली) टाकलं असणार. डेकचा जीपीयू एएमडीचा आणि एलसीडी मॉडेलचं वायफाय रिअलटेकचं, तेव्हा फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स आणि फर्मवेअर-रिअलटेक ही दोन्ही पॅकेजं लॅपटॉपवर नेट आहे तोवर घालून ठेव. डेकवर गेल्यावर वायफायच नसेल तर वायफायचं फर्मवेअर कुठून उतरवणार.

इनिट-रॅम-एफएसची (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी फाइल) काळजी नको, डेबियन डीफॉल्टमध्ये त्यात बहुतेक सगळे मॉड्यूल (ड्रायव्हर) भरतं. आर्च (दुसरं एक लिनक्स) असतं तर ऑटोडिटेक्ट हुकने फक्त लॅपटॉपपुरते घेतले असते आणि मग वेगळी कटकट.

निवांत_नाना
एवढा उपद्व्याप कशासाठी म्हणतो मी? डेकला मायक्रोएसडीचा स्लॉट आहे, त्यावरूनही बूट होतं, ना हब ना लोंबकळणारी केबल. आणि नुसतं प्रोग्रॅमिंगच करायचं तर स्टीमओएसमध्ये डिस्ट्रोबॉक्स (आतल्या आत दुसरं लिनक्स चालवायचं टूल) आहे, त्यात डेबियनचा कंटेनर उघडा आणि बसा. फक्त पॅकमॅनने (स्टीमओएसचा पॅकेज मॅनेजर) थेट सिस्टिममध्ये काही घालू नका, रूट (मूळ सिस्टिमचा भाग) रीड-ओन्ली असतं, ते उघडून घातलं तरी पुढच्या अपडेटला साफ होतं. हातात धरायच्या वस्तूला शेपूट लावून फिरायचं मला तरी पटत नाही.

खटपट्या
नाना मुद्दा मान्य, पण लॅबच्या पीसीला कार्ड रीडरच नाहीये, आणि मला तीच सेटिंग्ज तोच होम फोल्डर सगळीकडे हवाय.

बाकी ठाणेकर दादा, जिंकलो! लिस्टमध्ये यूएसबी म्हणून आलं, डी-पॅडने खाली जाऊन ए दाबलं, डेबियन चालू, वायफाय पण लागलं. ग्रबचा मेनू आडवा पडलेला दिसतो, मान वाकडी करून वाचावं लागतं, डेस्कटॉप मात्र सरळ आहे. आता नवीन त्रास म्हणजे बॅटरी कमी झाली म्हणून हबला चार्जर लावला आणि सगळं गोठलं. माउस हलतोय पण काहीच उघडत नाही, टर्मिनलमध्ये काहीही टाइप केलं की इनपुट-आउटपुट एरर. पॉवर दाबून धरून बंद करावं लागलं. हब खराब आहे का?

डब्लिनवासी
हब चांगला असला तरी हे होऊ शकतं. डेकला यूएसबी-सी पोर्ट एकच, चार्जिंगही त्यातूनच आणि डेटाही. चार्जर नसताना डेक हबला वीज देत असतो, चार्जर लावला की उलटं व्हायला लागतं, हबकडून डेकला, आणि ही देवाणघेवाण ठरताना बरेच हब क्षणभर खालची सगळी उपकरणं सोडून परत जोडतात. कीबोर्ड-माउसला काही फरक पडत नाही, पण रूट फाइलसिस्टिम ज्या डिस्कवर तीच गेली तर कर्नल (लिनक्सचा गाभा) काय करणार, डिस्क परत येते ती नवीन नावाने, जुन्या माउंटला तिचा उपयोग नाही. चार्जर काढतानाही तेच. तेव्हा चार्जर आधी लावायचा, मग बूट, आणि बंद करेपर्यंत काढायचा नाही. काही हब हे न तुटता निभावतात पण ते खोक्यावर लिहिलेलं नसतं, लावूनच बघावं लागतं. आता एकदा दुसऱ्या सिस्टिमवरून एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून घे, अर्धवट लिहिलेलं काही राहिलं असेल.

दुसरं म्हणजे स्लीप. डेकचं पॉवर बटन हलकं दाबून झोपवायची सवय असते ना, ती या डिस्कवर महागात पडेल, झोपेत पोर्टची वीज गेली तर उठल्यावर परत हाच तमाशा. पॉवर बटनाला सेटिंगमध्ये शटडाउन लाव आणि सिस्टिमडीमध्ये (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) सस्पेंड टार्गेट मास्क (म्हणजे पूर्ण बंद) करून टाक.

चार्जरला हात न लावताही मधेच डिस्क गेली तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) यूएएसच्या (यूएसबी डिस्कसाठीचा वेगवान प्रोटोकॉल) रिसेटच्या ओळी दिसतायत का बघ. काही एन्क्लोजरच्या (एसएसडीची बाहेरची डबी) चिपचं यूएएसशी जमत नाही, मग कर्नलच्या ओळीत यूएसबी-स्टोरेज क्वर्क्समध्ये त्या चिपचा आयडी आणि पुढे यू लिहून यूएएस बंद करायचं. स्पीड थोडा कमी होतो, पण टिकतं.

ठाणे_टर्मिनल
आडव्या ग्रबचं एवढंच की डेकचं पॅनल मुळात उभं आहे, ८०० बाय १२८०, कर्नलला ते माहीत असतं म्हणून तो फिरवून घेतो, ग्रबला नसतं. मी टाइमआउट शून्य करून मेनूच लपवलाय.

खटपट्या
एफएससीके झालं, थोडं काहीतरी दुरुस्त केलं त्याने, डेटा शाबूत आहे. सस्पेंड मास्क केलं. चार्जर आधी लावून दुपारपासून चालू आहे, अजून तरी गोठलं नाही. डीमेसेजमध्ये यूएएसच्या दोन-तीन ओळी आहेत पण त्या सुरुवातीच्याच वाटतायत, रिसेट असं काही लिहिलेलं नाही, चालेल ना?

डब्लिनवासी
चालेल, ती नुसती ड्रायव्हर लागल्याची नोंद आहे.