अनुभव धागा: वाळवंटातून हिरवाईत, आपल्या माणसांत

दोहेकरीण:
काल पार्किंगमधून गाडी काढताना दिसलं, समोरच्या बिल्डिंगच्या एसीचं पाणी रेतीवर ठिबकतंय आणि तेवढ्याच जागेत गवताच्या चार काड्या आल्यात. बास, चिपळूण आठवलं.

लेक इथलीच, दोह्याची. तोवर आम्ही नेहमी डिसेंबरात जायचो, त्या वर्षी पहिल्यांदा जुलैत गेलो. ती तेव्हा केजीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाईसाहेब परसात प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाकून काहीतरी शोधतायत. फणस झाला, रातांबा झाला, जास्वंदीखालचा पालापाचोळासुद्धा उकरून झाला. मला हाक मारून विचारते, "आई, नळी कुठाय?" इथे रस्त्याकडेच्या झाडांच्या पायाशी काळी ठिबकची नळी असते ना! तिच्या लेखी झाड म्हटलं की नळी आलीच. सासूबाई पडवीत अळू चिरत होत्या. म्हणाल्या, "अगो, खाली काय बघतेस? नळी वर आहे."

मग दिवसभर पागोळ्यांखाली तांब्या धरून बसली. भरला की ओतायचा, परत धरायचा. ओरडले नाही. इथे ब्रश करताना नळ चालू ठेवला तरी मी डाफरते.

वाळवंटात राहून मग घरच्यांबरोबर हिरवाईत गेलेल्यांनी लिहा. गल्फच हवं असं नाही.

मस्कतवाला:
नळी वर आहे!! सासूबाईंना दंडवत.
आमची उलटी कथा. आईबाबांना मस्कतला आणलं तेही जुलैत. आई म्हणाली, भाजून काढायला बोलावलंत का? म्हणून गाडी काढली आणि ओमानच्या दक्षिण टोकाकडे, सलालाला नेलं. हजारेक किलोमीटर. हैमा गेलं की बघायला काही नाही, बाबा गाढ झोपले. थुमरैत सोडून डोंगर उतरायला लागलो तर समोर धुकं, काचेवर बुरबुर, गाडीतला पारा झपझप खाली. बाबा जागे होऊन म्हणतात, "आंबोली आली का रे?"
सरकारी हिशेबाने खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, २१ जून ते २१ सप्टेंबर. वारा तोच, आपला नैऋत्य मोसमी. किनाऱ्याशी समुद्राच्या तळचं गार पाणी वर येतं आणि मागे डोंगर, त्यामुळे धुकं अडकून बसतं. मुसळधार वगैरे नाही, नुसती भुरभुर. पण डोंगर हिरवेगार, खाली नारळ, केळी, पपया. आईने रस्त्यावरच्या टपरीवर शहाळेवाल्याशी मराठीतून घासाघीस केली. त्याने ऐकलंही!

सुगरण_नाही:
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. जागा धरून ठेवते.

फौजीची_बायको:
जैसलमेरला होतो. आंधी आली की कणकेत रेती, उशीत रेती, कानात रेती. सुट्टीत माहेरी, कोयनेच्या बाजूला. मी आपली खिडकीत बसून "आहाहा काय पाऊस" करतेय आणि वहिनी बाळाच्या लंगोटांचा ढीग घेऊन उभी. पंधरवडा ऊन नाही. ढीग माझ्या मांडीवर टाकला, "वन्सं, तुम्हाला एवढा आवडतोय ना, मग शेगडीवर हे वाळवा." वाळवले. सगळ्या घराला धुराचा आणि कुबट वास, तरी मला आवडत होतं. पाहुण्याचा पाऊस वेगळा आणि घरच्या बाईचा वेगळा, हे मात्र खरं.

खाडीपलीकडचा:
चिपळूणचा जुलै म्हटलं की आम्हाला २०२१ आठवतो. २२ जुलै. वाशिष्ठीचं पाणी घरात. हिरवाई वगैरे ठीक आहे, पण रात्री पावसाचा जोर वाढला की आई अजून उठून बसते.

दोहेकरीण:
@खाडीपलीकडचा, खरंय हो. आमचं घर उंचावर म्हणून वाचलं. मामेसासऱ्यांचं दुकान गेलं. आईंना सांभाळा.

निवडुंग:
फिनिक्स, ॲरिझोना. २०२३ चा उन्हाळा, सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा वर, म्हणजे आपले ४३ च्या पुढे. त्या वर्षी भाऊबीजेला सिॲटलला ताईकडे गेलो. नोव्हेंबर, साडेचारला काळोख, रिपरिप चालूच. ताई वैतागलेली, "सूर्य बघून आठवडा झाला". मी कांदाभजीची ऑर्डर देऊन डेकवर. होह रेनफॉरेस्टला घेऊन गेली. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे कोकणाच्या तोडीचा. झाडांवरून शेवाळ दाढीसारखं लोंबतंय. भाचा म्हणाला, मामा, सगळ्या झाडांचे फोटो काढणार आहेस का? हो म्हटलं.

बाभूळबन:
नळीवरून आठवलं, घाफच्या झाडाला मात्र ती लागत नाही. मुळं पार खोल जातात. यूएईचा राष्ट्रीय वृक्ष आहे तो, आणि तीच आपली दसऱ्याची शमी. राजस्थानात खेजडी.

फौजीची_बायको:
खेजडी!! तिच्याच शेंगा म्हणजे सांगरी. केर-सांगरीची भाजी शेजारच्या भाभींनी शिकवली. इथे मिळत नाही, जीव जातो.

शारजाकर:
आमच्या चिरंजीवांनी पहिला खरा पाऊस आजोळी नाही, इथेच पाहिला. १६ एप्रिल २०२४. अल ऐनकडे एका दिवसात अडीचशे मिलिमीटर. गाडी बेसमेंटमध्ये बुडाली आणि हा गॅलरीत नाचतोय.

सुगरण_नाही:
आले. काय लिहिणार होते ते विसरले. पण येत्या आठवड्यात गुहागरहून शारजाला परत निघतेय, कोकमाचं आगळ कसं आणता? मागच्या वेळी बॅगेतले सगळे कपडे लालेलाल.

मस्कतवाला:
प्लास्टिकची बाटली, गळ्याशी थोडी रिकामी. झाकणाला टेप, वर दोन पिशव्या, चेक-इनमध्ये. नाहीतर सरळ आमसुलं आणा.

शारजाकर:
आणि खसखस अजिबात नको हं, यूएईत बंदी आहे. घरच्या मसाल्यातसुद्धा नको.

सुगरण_नाही:
अय्या! सासूबाईंनी दोन किलो मसाला कुटून ठेवलाय. खसखस घालूनच. आता त्यांना कोण सांगणार?

दोहेकरीण:
नवऱ्याला पुढे करा.

सुगरण_नाही:
त्यानेच घालायला सांगितलीय.